उस्तादाने कागद दिला नव्हता

मागच्या हिवाळ्यात मी जर्मनीतल्या आमच्या शहराच्या व्यवसाय नोंदणी कचेरीत दुभाषा म्हणून गेलो होतो. सोबत होते खेड तालुक्यातले एक गृहस्थ, वय चव्वेचाळीस. आम्ही इथले सगळे त्यांना मिस्त्रीभाई म्हणतो. चौदा वर्षे त्यांनी मस्कतला टाइल बसवल्या. बायको नर्स म्हणून इथे आली, तिच्या मागून हे आले. अशा कौटुंबिक परवान्यावर आलेल्याला इथे नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही. 'या वयात कुणाच्या हाताखाली नको रे आता,' एवढेच त्यांचे म्हणणे होते.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि शांतपणे विचारले, 'माइस्टरची सनद कुठे आहे?'

'उस्तादाने कागद कुठे दिला होता?' मिस्त्रीभाई मला म्हणाले. 'एक दिवस म्हणाला, आजपासून तू एकटा जा. झालं.' हे मला जर्मनमध्ये नीट सांगताच आले नाही.

जर्मनीत हातकामाच्या धंद्यांच्या याद्या कायद्यात दिलेल्या आहेत. गवंडी, रंगारी, इलेक्ट्रिशियन, केशकर्तन अशा पहिल्या यादीतल्या धंद्यात स्वतःचे दुकान मांडायचे तर माइस्टर म्हणजे उस्तादाची परीक्षा पास हवी, किंवा तशी सनद असलेला माणूस तांत्रिक प्रमुख म्हणून नेमायला हवा. 2004 साली 53 धंद्यांवरची ही अट उठवली होती, त्यात टाइलचे कामही होते. कुणीही नोंदणी करू लागला, आणि शिकाऊ मुले ठेवणारे मात्र कमी झाले. 2020 मध्ये 12 धंद्यांवर अट परत आली, टाइल त्यातच. आधी नोंदवलेल्यांचे हक्क तसेच राहिले. मिस्त्रीभाई त्या काळात मस्कतला होते.

आता माझे सांगतो. मी इंजिनियरिंगची पदवी घेतलेला सॉफ्टवेअरवाला. उद्या मला स्वतंत्र काम करायचे झाले तर इंजिनियर हा मुक्त व्यावसायिक धरला जातो. मला त्या खिडकीपर्यंतही जावे लागत नाही, कर कार्यालयाला कळवले की पुरे. (अर्थात व्हिसाची परवानगी वेगळी.) बरे, ती पदवीसुद्धा आता अनिवार्य नाही. नोव्हेंबर 2023 पासून आयटीतल्या माणसाला तीन वर्षांच्या अनुभवावर, पगाराची अट पूर्ण करून, पदवीशिवाय ब्लू कार्ड मिळू शकते. म्हणजे कीबोर्डवरचा अनुभव ही पात्रता आणि थापीवरचा अनुभव ही नुसती हकीकत! माइस्टर पद्धतीची टिंगल मी करणार नाही. तिच्यामुळे इथला शागीर्द लेखी करारावर, पगार घेऊन शिकतो. पण हा फरक मला पटत नाही.

वाटा अगदीच बंद नाहीत. दुसऱ्या यादीतल्या धंद्यांना कोणतीही परीक्षा लागत नाही: जमिनीवर व्हिनाइल, लॅमिनेट, गालिचा बसवणे, कपड्यांची दुरुस्ती, इमारतींची सफाई. नोंदणीची फी साधारण 20 ते 60 युरो. एक वाट तर गमतीची आहे. फिरत्या धंद्याला माइस्टरची अट नाही. पण मग बोलावणे येण्याची वाट न पाहता स्वतः दारोदार जाऊन काम मागायचे. फेरीवाल्यासारखे. मिस्त्रीभाई हसले, म्हणाले, 'या जर्मनवर?' अपवाद म्हणून परवानगीही मागता येते, पण त्यासाठी कसब सिद्ध करावे लागते. जानेवारी 2025 पासून पंचवीस वर्षांवरच्या, कागद नसलेल्या कामगारांचे कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली आहे. मूळ प्रशिक्षणाच्या दीडपट काळ काम केलेले असावे लागते. टाइलचे प्रशिक्षण तीन वर्षांचे, म्हणून साडेचार वर्षे. ती माइस्टरची सनद नव्हे, पण कागद आहे.

एका वाटेपासून मात्र सावध राहा. 'तू फक्त धंद्याची नोंदणी करून घे, काम मी देतो,' असे सांगणारे ठेकेदार इथे भेटतात, आणि वाईट वाटते, आपल्याच भाषेत बोलणारेही भेटतात. रोज एकाच मालकाचे काम, त्याच्याच वेळेत, त्याच्याच हुकमाने. कागदावर मात्र तुम्ही शेठ. मग किमान वेतन नाही, पगारी रजा नाही, आरोग्य विम्याचा सगळा हप्ता तुमच्या खिशातून. कायदा याला खोटा स्वयंरोजगारच म्हणतो, आणि पकडले गेल्यावर परदेशी माणसाचा परवाना धोक्यात येतो.

पण सगळा दोष जर्मनांवर टाकून मला मोकळे होता येत नाही. कोकणातली आपली दोन-तीन पिढ्यांची माणसे आखातात राबली. मालेगाव-भिवंडीत लूम चालवणारे, मुंबईत शिवणकाम करणारे, सगळे उस्तादाकडे शिकले. त्या शिकण्याची नोंद कुणीच ठेवली नाही, आणि मशिदीत, जमातीत आपण ती कधी मागितलीही नाही. पोराला दहावीनंतर 'मामूच्या हाताखाली लाव' म्हणताना आयटीआयचा फॉर्म भरायला एक दिवस लागतो, तोही आपण देत नाही. जर्मनीच्या अनुभवी कामगारांच्या व्हिसासाठी मायदेशातले किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण धरतात. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे आहेत. प्लंबर आणि गवंडी एकाच वर्षाचे. प्रवेश घेण्यापूर्वी एवढे तरी पाहा. आणि जे आज दोहा-मस्कतला आहेत त्यांनी दरवर्षी कंपनीकडून पत्र घ्यावे: कोणते काम, किती महिने, हाताखाली किती माणसे, सही, शिक्का. कंपन्या बंद पडतात.

मिस्त्रीभाईंची बंद पडली. सध्या ते व्हिनाइल बसवतात, नोंदणी त्याचीच आहे. अपवादाच्या अर्जासाठी जुन्या मुकादमाला फोन लावला. तो आता सोहारला असतो. पत्र आनंदाने लिहून देतो म्हणाला, पण शिक्का कुणाचा मारू, असे विचारतोय.