कौतुक सातव्या महिन्याचं

या आठवड्यात लोकलच्या लेडीज डब्यात एक मुलगी दांड्याला धरून लिंबू हुंगत उभी होती. पोट दिसत नव्हतं, म्हणून जागा कुणी देईना. शेवटी एका मावशींनी नजरेनेच ओळखलं आणि तिघींना सरकवून तिला बसवलं. आपल्याकडे सगळं कौतुक सातव्या महिन्याचं: हिरवी साडी, फुलांची वाडी, डोहाळजेवण. मळमळ मात्र बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या सुमारास गाठते, आणि तेव्हा घरात फोडणी तीच देत असते, कारण ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं असतं. इतकं नाजूक काम चाललेलं असताना तिला एकटं पाडणं चूक आहे. गर्भ टिकला नाही, तर कायद्याने नोकरदार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण बातमीच दडवली, तर ती मागणार कशी? कधी सांगायचं हे तिनेच ठरवावं, दृष्ट लागेल या भीतीने नव्हे; आणि तिने सांगितलं, की त्याच दिवसापासून फोडणी नवऱ्याने द्यावी.