उचलता येणारा डोंगर

माझ्या मॉडेल रेल्वेत (एचओ, म्हणजे १:८७) बोरघाटाचा एक तुकडा आहे. त्यातला पहिला डोंगर बाबांनी केला होता. थर्मोकोल, वर प्लास्टर, आणि सगळं फळीला पक्कं चिकटवलेलं. "डोंगर कधी हलतो का रे?" असं त्यांचं म्हणणं. मग एकदा बोगद्यात डबे घसरले. हात पोचेना. शेवटी बाबांनीच हॅक्सॉचं पातं घेऊन डोंगर कापला. बोलले काहीच नाहीत. मलाच कसंतरी झालं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे, ज्याच्या खाली रूळ आहेत ते उचलता आलंच पाहिजे. नवा डोंगर प्लायच्या तळावर केलाय. तळाच्या दोन लाकडी खुंट्या फळीतल्या भोकांत बसतात. रूळ पुसायचे असले की डोंगर बाजूला! कडेची फट झुडपांनी झाकते. तरी थोडी दिसते, आणि ती खटकते असं काही मित्र म्हणतात. खटकू दे. खऱ्या घाटात १८६३ साली गाडी सुरू झाली म्हणून काम थोडंच संपलं? पावसाळ्यात दरडी अजून काढाव्याच लागतात.

बाबांच्या डोंगराचा माथा मात्र नव्यावर तसाच बसवलाय. बाबा येतात तेव्हा आधी तो उचलून बघतात.