ताऱ्यांनी रस्ता मोजता येतो का?

अब्बा गेल्यानंतर अम्मी विट्यात एकटी राहिली, म्हणून आम्ही तिला पुण्याला आणले. फ्लॅट मीच निवडला होता, आणि आमच्या धंद्यातला माणूस निवडतो तसाच, वेबसाइट उघडून. परिसराला पाचपैकी साडेचार तारे होते. ‘सर्व काही चालण्याच्या अंतरावर’ अशी ओळ होती. दवाखाना, मेडिकल, किराणा, मशीद सगळे नकाशावर एक किलोमीटरच्या आत. मी निर्धास्त झालो.

सहा महिन्यांनी अम्मी म्हणाली, “सब नजदीकीच है बेटा, पन जाने का कैसा?”

मशीद आणि दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होते. मधे सहा पदरी वाहतूक, दुभाजकाला जाळी. ओलांडायचे तर लांबच्या सिग्नलपर्यंत जायचे आणि तेवढेच पुन्हा मागे यायचे. फूटपाथ होता, पण त्याची कड इतकी उंच की गुडघे दुखणाऱ्या बाईने बुरखा सावरत दर पन्नास पावलांवर चढायचे आणि उतरायचे. आयुष्यभर अख्खे विटा पायी फिरलेली माझी आई बाल्कनीत बसून राहू लागली. माझ्या सुट्टीची वाट बघू लागली. शेवटी ती विट्याला परत गेली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. ते साडेचार तारे खोटे होते का? नव्हते. ते एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होते.

असे गुण कसे काढतात, हे थोडे समजून घेऊ. यातला सर्वात प्रसिद्ध प्रयोग म्हणजे अमेरिकेतील सिएटल शहरात २००७ मध्ये सुरू झालेला ‘वॉक स्कोअर’. २०१४ मध्ये तो रेडफिन या घरखरेदी-विक्रीच्या कंपनीने विकत घेतला. पत्ता द्या, शून्य ते शंभर गुण मिळतात. दुकान, शाळा, बाग अशी ठिकाणे पाच मिनिटांच्या चालीत असतील तर पूर्ण गुण. अंतर वाढेल तसे गुण कमी, आणि तीस मिनिटांपलीकडे शून्य. लोकवस्ती किती दाट आहे, चौक किती जवळजवळ आहेत, हेही त्यात धरतात. कल्पना चांगली आहे. पण फूटपाथ आहे का, दिवा लागतो का, ओलांडायला वाहने थांबतात का, हे त्या गणितात नाही. ही सेवा आपल्याकडे नाही. आपल्याकडच्या घरांच्या जाहिरातींत ‘चालण्याच्या अंतरावर’ लिहितात तेव्हा मात्र विचार तोच असतो, जवळ आहे म्हणजे चालता येते.

हे मी बाहेरून बोलत नाही. नोकरीत मीही असा कोड लिहिला आहे. घराभोवती एक वर्तुळ काढायचे, आतली ठिकाणे मोजायची, आकडा दाखवायचा. दोन बिंदूंमधले अंतर काढायला चार ओळी पुरतात. मधली जाळी ओलांडायला पाय लागतात, आणि त्या पायांचे वय कुठल्याच तक्त्यात नव्हते. माझा कोड तपासणीत पास झाला. कोणाचीही तक्रार आली नाही. येणार तरी कशी? ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी तो आकडा बनलाच नव्हता.

तारे देणारे कोण, हेही पाहायला हवे. स्मार्टफोन हातात असलेला, बहुधा गाडीवरून आलेला माणूस हॉटेलला तारे देतो, दुकानाला देतो. त्या हॉटेलपर्यंतच्या रस्त्याला कोणी देत नाही. यंत्रमागाची रात्रपाळी संपवून पहाटे घरी चालत जाणारा कामगार तारे देत नाही. आणि ज्या रस्त्यावर माझी बहीण दुपारी दोनला बिनधास्त चालते, तिथेच रात्री नऊला भावाला फोन करते. वेबसाइटवर मात्र दोन्ही वेळा गुण तेच.

आता विट्याकडे बघा. इथे कोणी चालण्याचे गुण देत नाही. मी नकाशा उघडला तेव्हा आमची गल्ली म्हणजे एक निनावी रेघ होती. पण अम्मी इथे चालते. गिरणीत जाते, भाजी आणते, खालाकडे जाऊन येते. वाटेत कोणाच्या तरी ओट्यावर बसते. “भाभी, कुठं निघाला?” असे विचारणारे चार जण भेटतात. हे बसणे आणि हे विचारणे कुठल्याही गणितात येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढते ते हेच.

म्हणून गावाचे गोडवे गाऊन थांबायचे का? नाही. गुहागर-विजापूर महामार्गाची वाहतूक विट्यातून जाते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, वडाप मधेच थांबते, आणि अम्मी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालते. भारतात २०२२ या एका वर्षात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मेले, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्या वर्षीच्या रस्ते अपघातांतील दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पायी चालणारा होता.

तरीही गुण देणे ही गोष्ट फुकट आहे, असे मी म्हणणार नाही, आणि विटेकराने तर म्हणूच नये. ‘स्वच्छ सर्वेक्षण २०२१’ मध्ये एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले. दुसरे लोणावळा, तिसरे सासवड. ती परीक्षा ६,००० गुणांची होती आणि त्यातले १,८०० गुण नागरिकांच्या सहभागाचे आणि मतांचे होते. कचरा वेगळा होतो का, हे कोणीतरी विचारले, मोजले, म्हणून गल्लोगल्ली सवयी बदलल्या. जे मोजले जाते त्याकडे लक्ष जाते. चालण्याबद्दल अजून कोणी विचारलेले नाही, एवढेच.

तर मग आपण विचारू. कायदा आपल्या बाजूला आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालण्यायोग्य फूटपाथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील हक्काचा भाग आहे, आणि ते अपंगांनाही वापरता आले पाहिजेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार निवासी भागात फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, आणि त्याची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. हे आकडे लक्षात ठेवा. “रस्ता खराब आहे” या तक्रारीला कोणी उत्तर देत नाही. “इथे १.८ ऐवजी ०.७ मीटर आहे” याला द्यावे लागते.

मित्र-मैत्रिणींनो, करायचे काम छोटे आहे. अस्रनंतर अर्धा तास काढा. सोबत एक वयस्कर माणूस, एक लहान मूल आणि घरातली एक मुलगी घ्या. टेप घ्या. घरापासून शाळा, दवाखाना, एसटी स्टँड यांपैकी एका ठिकाणी चाला. किती वेळा रस्त्यावर उतरावे लागले, ओलांडायला किती थांबावे लागले, बसायला जागा कुठे मिळाली, अंधार पडल्यावर दिवे किती लागतात, हे लिहा. मग ते ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. २००४ पासून चालत आलेला हा नकाशा कोणीही दुरुस्त करू शकतो. फूटपाथ, रुंदी, दिवे या सगळ्यांची नोंद त्यात करता येते. आपल्या गल्लीचे नावही टाका. आणि एका पानाची नोंद आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या. ही नोंद एका मोहल्ल्याची नसावी. शेजारच्या पेठेतल्या मित्रालाही बोलवा. ट्रॉली कोणाचा धर्म बघत नाही.

गेल्या ईदला मी स्वतः टेप घेऊन निघालो. पहिलाच अडथळा आमच्या दारात निघाला. गाडी आत घेता यावी म्हणून आम्हीच बांधलेला सिमेंटचा उतार रस्त्यावर आला होता, आणि शेजारी माझीच मोटारसायकल आडवी उभी होती. रोज अम्मी या दोन्हींना वळसा घालून वाहनांच्या बाजूने जात होती. लहानपणी रस्त्यातला दगड पायाने बाजूला सारला की ती म्हणायची, सवाब मिळतो. उतार फोडायला गवंड्याला अर्धा दिवस लागला.

अम्मी आता दारातून सरळ निघते. माझ्या वहीतली ती पहिली नोंद आहे. पुढची तुमच्या गल्लीतली असू द्या.