सिरोंच्यात चालेल असा सेटअप

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. जिल्ह्याचे मुख्यालय तिथून दोनशे किलोमीटरच्या आसपास; प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे तेलंगण. असरअल्ली, झिंगानूरकडची माणसे एसटीने येऊन सेवा केंद्रात दाखल्यासाठी थांबतात. तेव्हाच केंद्रातल्या सॉफ्टवेअरचा नवा सेटअप ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ म्हणून अडला, तर त्यांचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. त्यातून सेटअपची फाइल इवलीशी आणि बाकीचा माल इंटरनेटवरून ओढणारी असेल, तर लाइन तुटली की बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात.

दोष आपण नेटवर्कला देतो. माझ्या मते घोळ पुष्कळदा सॉफ्टवेअर बांधणाऱ्याच्या टेबलावरच झालेला असतो.

सेटअपमागे, म्हणजेच इन्स्टॉलरमागे, एक स्क्रिप्ट असते: कोणत्या फाइली घ्यायच्या, कुठे टाकायच्या, काढताना काय पुसायचे. १९९७ साली आलेल्या ‘इनो सेटअप’ या इन्स्टॉलर बनवणाऱ्या टूलने हे काम खूप सोपे केले. स्क्रिप्टचे ठरलेले विभाग भरले की एकच सेटअप फाइल तयार होते, आणि प्रोग्राम काढून टाकण्याची सोय तो स्वतःच करतो. विनॅम्पवाल्या नलसॉफ्टच्या एनएसआयएस या तशाच टूलमध्ये मोकळीक जास्त, पण काढून टाकण्याचा भाग आपण लिहायचा.

तरीही फाइलींची यादी हाताने लिहिली की घोटाळा ठरलेला. प्रोग्रामला नवी लायब्ररी, म्हणजे एखादी डीएलएल फाइल, लागते, स्क्रिप्टमध्ये ती चढवायची राहते. लिहिणाऱ्याच्या संगणकावर ती आधीच असते, म्हणून त्याला काही जाणवत नाही. चूक उघडी पडते ती सिरोंच्यात.

ही विसरभोळी कामे माणसाकडून काढून घेण्यासाठीच बिल्ड टूल जन्मले. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याने बरोबर दुरुस्त केलेला, पण पुन्हा कंपाइल न केलेला प्रोग्राम तपासण्यात वेळ घालवला. त्यावरून १९७६ मध्ये फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बिल्ड टूल लिहिले. आज सीमेक या बिल्ड टूलमध्ये कोणती फाइल कुठे जाणार हे एकदा नोंदवले की त्याचा जोडीदार सीपॅक त्याच नोंदीवरून विंडोजसाठी एनएसआयएस किंवा विक्सचा इन्स्टॉलर आणि लिनक्सवर डेबियनचे पॅकेज बांधतो. २०२४ च्या विक्स ५ मध्ये तर फोल्डर दाखवले की आतल्या फाइली आपोआप गोळा होतात. आवृत्तीचा क्रमांकही प्रोग्राममधूनच उचलता येतो.

मात्र अपडेट करताना केंद्रातली जुनी नोंदवही, म्हणजे डेटाची फाइल, पुसायची की राखायची हे कुठलेच टूल ठरवत नाही. इनो सेटअपमध्ये ‘आधी नसेल तरच टाक’ एवढे सांगणारा एक शब्द त्या ओळीत घालावा लागतो. तो घालणारा माणूस हवा, आणि टूलने त्याचा वाचवलेला वेळ अशाच विचारासाठी आहे.

म्हणून सरकारी कामाचे सॉफ्टवेअर घेताना करारात दोन अटी घालाव्यात. पहिली, इन्स्टॉलर बिल्डमधूनच निघावा आणि त्याची संपूर्ण, पेनड्राइव्हवर नेता येईल अशी प्रत मिळावी. दुसरी, प्रत्येक बिल्डनंतर ती प्रत इंटरनेट बंद असलेल्या कोऱ्या विंडोजवर चढवून दाखवावी. आभासी संगणकावर हे रोज रात्री आपोआप करता येते. त्यासाठी कुणी सिरोंच्याला जायचीही गरज नाही.