आजार सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये

वैभववाडीच्या कापड व्यापाऱ्याला घाट चुकत नाही. माल कोल्हापूर-इचलकरंजीला आणि गिऱ्हाईक घाटाखाली. मध्ये करूळचा घाट, नाहीतर भुईबावड्याचा. एस.टी. सोयीची नसेल तर चार-पाच दुकानदारांनी मिळून जीप ठरवायची, भाडे वाटून घ्यायचे आणि संध्याकाळी गठ्ठे टपावर बांधून परतायचे, ही आमची जुनी रीत आहे.

पावसाळ्यात याच वाटेने आणखी एक मंडळी येते, ती म्हणजे डोंगर चढणारी तरुण मुले. कोणी वैभववाडी रोड स्टेशनवर उतरून नापण्याच्या धबधब्याकडे जातो, कोणी घाट चढून गगनगडाकडे. रेनकोट विसरलेला एखादा आमच्या दुकानात येतो, म्हणून त्यांच्याशी चार शब्द बोलणे होते. त्यांचा आणि आमचा व्यवहार सारखाच आहे हे त्यामुळेच आमच्या ध्यानात आले. पैसे आगाऊ गोळा करायचे, गाडी ठरवायची, खांद्याला खांदा लावून बसायचे आणि जो ऐनवेळी येणार नाही त्याचे पैसे बुडाले असे समजायचे.

ही शेवटची अट साधी वाटते. साथीच्या दिवसांत ती किती महाग पडते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

2021 च्या मार्च महिन्यात आम्ही पाच दुकानदार जीपने इचलकरंजीला गेलो. लग्नसराई तोंडावर होती आणि पाठोपाठ रमजान येत होता. आमच्यातील एकाचे अंग आदल्या रात्रीपासून दुखत होते. तो बोलला नाही. बोलला असता तर भाड्याचा हिस्सा गेला असता आणि पेढीवर ठरवलेला मालही दुसऱ्याने उचलला असता. धुळीमुळे काचा बंद होत्या, मास्क हनुवटीवर होते. आठवड्याच्या आत आमच्यापैकी तिघे अंथरुणाला खिळले. एकाच्या वृद्ध वडिलांना कोल्हापूरला न्यावे लागले. ते परत आले नाहीत.

त्या सहकाऱ्याला पुष्कळांनी दोष दिला. आम्ही देत नाही. ‘न येणाऱ्याने पूर्ण हिस्सा भरावा’ हा नियम आम्हीच केला होता. खरे बोलणाऱ्याला दंड आणि गप्प बसणाऱ्याला नफा, असा तो सौदा होता. त्याने सौद्याप्रमाणे वागणूक केली इतकेच.

सरकारी नियमांकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. आपला साथरोग कायदा 1897 सालचा. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यातून तो जन्मला. 2020 मध्ये हाच कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे आदेश निघाले. एस.टी.त एका आसनावर एक, म्हणजे एका गाडीत 22 प्रवासी, असा नियम काही महिने होता. 18 सप्टेंबर 2020 पासून पूर्ण आसने भरण्याची परवानगी मिळाली. त्या काळात एस.टी.चे तिकीट दुप्पट झाले नाही. रिकाम्या आसनाचा तोटा महामंडळाने सोसला आणि तो थोडा तरी भरून निघावा म्हणून मालवाहतूकही सुरू केली.

परंतु खाजगी जीपच्या रिकाम्या आसनाचे पैसे कोणी द्यायचे, हे कोणत्याही आदेशात नव्हते. डिझेल तेवढेच लागते, गाडीचा हप्ता तेवढाच असतो. मग चालक एकतर भाडे दुप्पट करणार, नाहीतर नाका ओलांडल्यावर जास्तीची माणसे भरणार. दोन्ही गोष्टी घडल्या. शिवाय वडापची बरीचशी वाहतूक कागदावर नसतेच. जे कागदावर नाही त्याला नियम कसा लागणार?

डोंगरावरही हेच झाले. नोंदणी असलेल्या जबाबदार मंडळांनी मोहिमा थांबवल्या आणि नुकसान सोसले. ज्यांची नोंद नाही, फोनवरून निरोप फिरवून जे पन्नास माणसे जमवतात, त्यांना विचारणारे कोणी नव्हते. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांच्या नोंदणीची वाट केली, ही चांगली गोष्ट आहे. मात्र नोंदणीने आयोजकाचे नाव कळते. सहभागी माणसाचा ताप कळत नाही.

धोका नेमका कोठे आहे, हेही ओळखले पाहिजे. हा रोग श्वासावाटे पसरतो. मोकळ्या हवेत अंतर ठेवून चालणाऱ्याला धोका कमी असतो. तो वाढतो बंद काचांच्या गाडीत, एका तंबूत चौघे झोपल्यावर आणि तोंडाला तोंड लावून गप्पा मारत जेवताना. म्हणजे गगनगडाच्या चढणीपेक्षा तेथपर्यंतचा दोन-चार तासांचा प्रवास अधिक जोखमीचा. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस रोग देऊ शकतो, म्हणून ताप मोजून सर्व काही कळते असेही नाही. तरी ज्याला लक्षण दिसत आहे त्याने घरी राहिले तर मोठी जोखीम टळते, आणि त्याला घरी ठेवणे आपल्या हाती आहे.

कापडाचा धंदा करतो म्हणून मास्कविषयीही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2020 मध्ये तीन थरांचा कापडी मास्क सुचवला होता: आत सुती, मध्ये न विणलेले पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पॉलिस्टरसारखे पाणी न शोषणारे कापड. बाजारात मात्र एकेरी होजिअरीचे तुकडे मास्क म्हणून खपले. बंद गाडीत एन-95 अधिक चांगला. पण कोणताही मास्क घामाने किंवा पावसाने भिजला की निकामी होतो. आमच्याकडील पावसात येणाऱ्याने पिशवीत दोन कोरडे मास्क जास्तीचे ठेवावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि 2009 मध्ये स्वाइन फ्लू पुण्यात पसरला होता, 2020 मध्ये कोविड आला. पुढचे काही येणारच नाही असे कोण म्हणेल? नियम साथ आल्यावर घाईने करण्याऐवजी शांत काळात ठरवावेत. आमच्या मते चार अटी पुरेशा आहेत.

पहिली, आजारी असल्याचे निघण्यापूर्वी कळवणाऱ्याचा हिस्सा बुडणार नाही. तो पुढच्या फेरीत किंवा पुढच्या मोहिमेत वळता होईल. दुसरी, प्रत्येक फेरीला वहीत नावे, फोन नंबर आणि बसण्याची जागा लिहिली जाईल. कोणी आजारी पडला तर बाकीच्यांना त्याच दिवशी कळवता येईल. तिसरी, साथीत काचा उघड्या राहतील आणि जेवण मोकळ्यावर होईल. चौथी, पेढीवाल्यांनी आजारी दुकानदाराचा माल आठवडाभर राखून ठेवावा. केवळ मालासाठी माणसाने जाण्याची गरज नसेल तर गठ्ठे एस.टी.ने पाठवावेत.

रिकाम्या आसनाचे पैसे कोठून येणार, असे कोणी विचारेल. हिशोब सरळ आहे. जीपचे भाडे दोन हजार रुपये धरले तर पाच जणांना चारशे येतात. प्रत्येकाने फेरीला वीस रुपये जास्त काढले तर चार फेऱ्यांत चारशे जमतात. एक रिकामे आसन त्यात भरून निघते. डोंगर चढणारी मंडळेही असा डबा ठेवू शकतात. काहीजण आजाराचा खोटा बहाणा करतील, हे मान्य. पण खोट्या बहाण्याने डब्यातले चारशे रुपये जातात. लपवलेल्या तापाने काय जाते ते आम्ही पाहिले आहे.

आम्ही पाचही जणांनी आता असा डबा ठेवला आहे. जीपमध्ये बसण्यापूर्वी ‘कोणाची तब्येत बरी नाही का?’ असे आम्ही विचारतो, आणि हो म्हणणाऱ्याला कोणी वाकडे बोलत नाही. हे शहाणपण आम्हाला उशिरा सुचले. वाचकांनी ते वेळेवर अंमलात आणावे, एवढीच विनंती.