फी भरली, पण मेसचं काय?

आपल्या हॉस्टेलवर स्कॉलरशिपचे दोन सीझन असतात. पहिला ऑगस्ट-सप्टेंबरचा. तेव्हा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, बोनाफाईड, मार्कशीट या सगळ्यांच्या झेरॉक्स घेऊन सगळे धावत असतात आणि स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याची चांदी असते. दुसरा फेब्रुवारी-मार्चचा. तेव्हा जो तो एकमेकांना विचारत असतो, "आली का रे तुझी?" या दोन सीझनच्या मधले पाच-सहा महिने मुलं कशी काढतात, हा रकाना मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

मला स्वतःला स्कॉलरशिप नाही. घरचं बरं चाललंय, त्यामुळे गरजही नाही. मग हिला काय कळतंय, असं कोणी म्हणेल! पण आमच्या मजल्यावरचे निम्मे फॉर्म मीच लिहिले आहेत. कारण एकच, माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी. (मराठीचं म्हणाल तर ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावेत, ही नम्र विनंती.) दानशूर ट्रस्ट आणि कंपन्यांचे बहुतेक फॉर्म इंग्रजीत असतात, आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो : 'तुमच्या कुटुंबाची आर्थिक अडचण ३०० शब्दांत लिहा.' बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी तिथे दोन ओळी लिहून थांबते. 'वडील शेती करतात. यंदा पाऊस नव्हता.' खरं म्हणजे यात सगळं आलं. पण फॉर्मला ३०० शब्द हवे असतात. मग मी पेन घेते आणि तिच्या दोन ओळींचा निबंध करते. आता मला सांगा, यात परीक्षा कोणाची झाली? तिच्या गरजेची की माझ्या इंग्रजीची?

माझी रूममेट लातूरकडची आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केली. आधी ही सवलत निम्मी होती. हा निर्णय मोठाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. रूममेटची फी माफ झाली. मग तिने एका खासगी ट्रस्टकडे अर्ज केला. ट्रस्टने फीची पावती मागितली. पावतीवर ट्यूशन फीच्या रकान्यात शून्य! म्हणून अर्ज बाद. तिचं मेसचं बिल, हॉस्टेलचं भाडं, ड्रॉइंगचं सामान, वर्कशॉपचा बॉयलरसूट, लोकलचा पास, दिवाळीला गावी जायचं एसटीचं भाडं... यातलं काहीच शून्य नव्हतं. पण ते 'फी'त बसत नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारने फीचा बराच भार उचलल्यावर दानशूरांनी तरी फीच्या पुढे बघावं. मुलं कॉलेज सोडतात किंवा रात्रीच्या नोकऱ्या धरून केटी लावून घेतात, ती बऱ्याचदा रोजच्या खर्चापायी. आणि रोजचा खर्च दर महिन्याला येतो, वर्षातून एकदा हॉलमध्ये टाळ्या वाजत असताना येत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट जुन्या लोकांना पक्की माहीत होती. पूर्वी शिकायला शहरात आलेले गरीब मुलगे 'वार लावून' जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार. नाहीतर माधुकरी मागायची. म्हणजे मदत थेट पोटाला! पण ती सोय मुख्यतः ब्राह्मण मुलग्यांचीच होती. बाकीच्या जातींच्या मुलांना कोण वार लावून देणार? आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय रोज दुसऱ्याच्या ओट्यावर ताटाची वाट बघत बसायचं, हे काही मानाचं नव्हे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ते कशात गेलं, तर धान्यात. शाळेच्या फीत नव्हे.

आता माशेलकरांचं उदाहरण घ्या. डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, वाढले गिरगावच्या चाळीत. वडील लहानपणीच गेले, आईने कष्ट करून शिकवलं. १९६० साली ते एसएससीला बोर्डात अकरावे आले, तरी पुढचं शिक्षण सोडायची वेळ आली होती. तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली. किती? महिन्याला ६० रुपये. पुढे ते यूडीसीटीतून केमिकल इंजिनीअर झाले, नंतर सीएसआयआरचे महासंचालक झाले, आणि काही वर्षं टाटा मोटर्सच्या संचालक मंडळावरही होते. आपल्याकडच्या भाषणांत ही गोष्ट नेहमी 'बघा, जिद्द असली की...' अशी सांगतात. जिद्द होतीच. पण माझ्यातल्या इंजिनीअरला त्यातले दोन शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात : 'महिन्याला' आणि 'सहा वर्षं'. ते ६० रुपये पदवी हातात येईपर्यंत येत राहिले. पुढच्या वर्षीचं काय, हा घोर त्या घराला नव्हता.

आणि मधेच थांबलेल्या शिष्यवृत्तीचं उदाहरण हवं असेल तर ते त्याहून मोठ्या माणसाचं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायचा करार. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून परत यावं लागलं. करारापोटी ते बडोद्याला गेले, तिथे अस्पृश्य म्हणून राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज यांच्या जोरावर १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. ते बाबासाहेब होते म्हणून तीन वर्षांनी परत गेले. तुमच्या-माझ्या वर्गातलं कोणी एक वर्ष गॅप पडल्यावर परत येतं का, तुम्हीच आठवून बघा.

आता आजच्या देणाऱ्यांकडे वळते. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण त्या यादीत आहे. म्हणजे पैसा आहे. आपल्या उपनगरांत तर दानत मुळीच कमी नाही. बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत जूनमध्ये कुठल्याही चौकात बघा, वह्यावाटपाचे आणि 'गुणवंतांचा सत्कार'चे बॅनर लागलेले असतात. गणेशोत्सव मंडळं, ज्ञातीची मंडळं, रोटरी, लायन्स, सगळे देतात. माझी तक्रार त्यांच्या मनाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे.

एकदा एका संस्थेच्या कार्यक्रमाला मैत्रिणीबरोबर गेले होते. थर्माकोलचा मोठ्ठा चेक, चार पाहुण्यांची भाषणं, आणि निवेदक माईकवर सांगतोय की हिचे वडील वॉचमन आहेत, आई धुणीभांडी करते. मैत्रीण स्टेजवर हसत उभी होती. खाली तिचे वडीलही पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. चेकची रक्कम वाईट नव्हती. खरा चेक मात्र तीन महिन्यांनी आला.

दुसरं म्हणजे टॉपरचं प्रेम. ज्याला ९५ टक्के, त्याला चार ठिकाणांहून बक्षीस. ज्याला ६८, त्याला कोणीच नाही. फर्स्ट इयरला एम-वनमध्ये केटी लागली की कित्येक ठिकाणी स्कॉलरशिप बंद. आता विचार करा, पहिल्यांदाच इंग्रजीतून मॅथ्स शिकणारा, संध्याकाळी ट्यूशन्स घेऊन मेसचे पैसे भरणारा मुलगा आणि मी, दोघांना एकच पेपर. ज्या सेमिस्टरला त्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच सेमिस्टरला ती थांबते! निदान एक सेमिस्टर तरी सवलत द्या की.

यावर देणाऱ्यांची बाजूही आहे, ती मला आमच्या एका सरांनी सांगितली. रोख पैसे दिले तर मुलगा मोबाईल घेईल, फीची पावती दिसते तरी. मान्य. पण मेसच्या बिलाचीही पावती मिळते ना? थेट हॉस्टेलच्या खात्यात भरा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून हेच करत आली आहे. डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली ही संस्था खेड्यांतून आलेल्या मुलामुलींना थोडक्या पैशांत राहायला आणि जेवायला देते, मुलं तिथली कामंही करतात. कोणाला स्टेजवर उभं करायची गरजच पडत नाही, कारण मिळतं ते ताट आणि कॉट. आणि परतफेड हवी असेल तर जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला फंड आहेच. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, फेडलेले पैसे पुन्हा पुढच्यांना मिळतात. सुरुवातीच्या स्कॉलरांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. कर्ज आहे म्हटल्यावर घेणाऱ्याची मानही ताठ राहते. मात्र घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलांवर पदवीआधीच कर्ज नको, असं माझं मत. त्यांनी नोकरी लागल्यावर आपणहून द्यावं.

असो. नुसती टीका करून लेख संपवला तर आमचे सर म्हणतील, सोल्यूशन काय? म्हणून एक हिशेब मांडते. समजा मेसचं बिल महिन्याला ३,५०० रुपये आहे. आपल्या कॉलेजातून पास झालेल्या एका बॅचमधल्या ६० जणांनी दरमहा ६०० रुपये दिले, म्हणजे माशेलकरांच्या रकमेपुढे फक्त एक शून्य, तर महिन्याला ३६,००० होतात. दहा जणांचं मेस बिल भागून हजार रुपये उरतात. पैसे पाच तारखेच्या आत मेसच्या खात्यात, नावं फक्त रेक्टर आणि एका शिक्षकाला माहीत. फॉर्म एक पानाचा, मराठीत लिहिला तरी चालेल. मार्कांची अट नाही, फक्त टर्म भरलेली असावी. निबंध नाही. फोटो तर नाहीच.

असा अर्ज आम्ही चौघींनी सही करून हॉस्टेल ऑफिसला दिला आहे. माजी विद्यार्थ्यांची यादी ऑफिसकडेच असल्यामुळे गाडी सध्या तिथे अडली आहे. स्टाफपैकी कोणाला मदत करायची असेल तर मुलींच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर निरोप पाठवा. आणि हो, ज्यांचे या वर्षीचे फॉर्म अजून भरायचे राहिलेत त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर या, उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स बरोबर आणा.