कूलर थांबला की कॉम्प्युटरही थांबतो

मे महिन्यात दुपारचे बारा वाजले की दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि कूलरसमोर बसायचे, हा झाशीतल्या घराघरांचा शिरस्ता. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बाहेर लू वाहत असते. अशाच एका दुपारी माझे सासरे, अण्णा, जेवून तासभर आडवे झाले आणि उठून कॉम्प्युटरपाशी आले, तर पडदा काळा. बटण दाबले, तर तो पहिल्यापासून सुरू झाला. सकाळी लिहिलेले पान गायब!

आठवड्यात हे तिसऱ्यांदा घडले. काम चालू असताना कॉम्प्युटर कधी बंद पडत नसे. रिकामा राहिला की मात्र घात करी.

अण्णांचे वय ७८. नारोशंकरांच्या काळापासून, म्हणजे १७४२ पासून, झाशीत मराठी घरे वसत गेली. त्यांतल्या आपल्या घराच्या आठवणी ते नातवंडांसाठी लिहून ठेवत आहेत. एका बोटाने टाइप करतात, त्यामुळे एक पान म्हणजे त्यांची एक सकाळ. "अगं, पान पुन्हा लिहीन मी," ते म्हणाले, "पण आज जे आठवलं ते उद्या आठवेलच असं नाही."

दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने डबा उघडला, आत डोकावला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. बदलावा लागेल." मी त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले. ते बरेच झाले.

तुमच्या घरी असे झाले तर पैसे मोजण्यापूर्वी एवढे पाहा. पहिली गोष्ट, कॉम्प्युटर बंद झाला आहे की झोपला आहे? काही वेळ हात लावला नाही की तो आपण होऊन 'स्लीप'मध्ये जातो. बहुतेक कॉम्प्युटरचा दिवा तेव्हा लुकलुकत असतो आणि की दाबली की काम होते तिथूनच सुरू होते. पण तुमचा मजकूर त्या वेळी मेमरीत असतो आणि मेमरीला थोडी का होईना वीज लागते. ती तुटली की न साठवलेले सारे गेले.

दुसरी गोष्ट, विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. तिच्यात 'सिस्टम' या भागात त्या वेळेच्या नोंदी पाहा. १०७४ क्रमांक असेल, तर बंद होण्याचा हुकूम एखाद्या प्रोग्रॅमने, अपडेटने किंवा माणसानेच दिला होता. ४२ म्हणजे कॉम्प्युटर झोपी गेला. ४१ म्हणजे नीट बंद न होताच तो पुन्हा सुरू झाला. बहुधा वीज तुटली किंवा यंत्र अडकले.

आमच्याकडे तिन्ही वेळा आधी ४२ आणि नंतर ४१ होता. म्हणजे झोपेतच वीज तुटली होती! पण घरात यूपीएस होता आणि काम चालू असताना वीज गेली तर तो चांगली दहा-पंधरा मिनिटे तग धरी. मग त्याच्यावर संशय कोण घेणार?

कोडे सोडवले सासूबाईंनी. त्या दुपारी झोपत नाहीत, निवडटिपण करत बसतात. म्हणाल्या, "कूलर बंद पडला की तुमचा तो खालचा डबा टुक् टुक् करतो आणि थोड्या वेळानं गप्प होतो. मला वाटलं, त्याची रीतच तशी असेल."

रीत तशीच होती! काही यूपीएसमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय असते. वीज गेल्यावर जोडलेले यंत्र फारच कमी वीज घेत असेल, तर 'कोणी वापरत नाही' असे समजून यूपीएस स्वतःला बंद करतो. झोपलेला कॉम्प्युटर जेमतेम दोन-चार वॉट घेतो. घरातले पंखे इन्व्हर्टरवर चालत राहत, त्यामुळे दहा मिनिटे वीज गेल्याचे झोपलेल्यांना कळतही नसे.

संध्याकाळी सगळे साठवून खात्री करून घेतली. कॉम्प्युटर झोपवला आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढली. काही मिनिटांत तो गप्प! कॉम्प्युटर जागा ठेवून तेच केले, तर टिकला. माहितीपुस्तिकेत ती सोय बंद करण्याची कृती सापडली. खर्च शून्य.

तुमच्याकडे कारण हेच असेल असे नाही. जागेपणीच, पण रिकामा असताना कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर जुना एसएमपीएस तपासून घ्या. २०१३ नंतरचे काही प्रोसेसर रिकामे असताना इतकी कमी वीज घेतात की जुन्या एसएमपीएसला ते झेपत नाही. त्याचा डबा मात्र घरी उघडू नका; पिन काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो. उष्णतेने कॉम्प्युटर बंद पडतो तो बहुधा कामाच्या भरात; रिकामेपणीही तसे होत असेल, तर पंखा फिरतो का आणि धूळ साचली आहे का ते पाहा. यूपीएस कूलरच्या ओलाव्यापासून आणि उन्हापासून दूर ठेवा. २५ अंशांवर दर दहा अंशांना त्याच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते.

आणि एका वहीत वेळ लिहा: केव्हा बंद पडला, तेव्हा घरात आणखी काय बंद पडले. दुरुस्तीवाला घरात दहा मिनिटे असतो, आपण दिवसभर असतो.

अण्णा आता जेवायला उठण्यापूर्वी पान साठवतात. गेलेली तीन पाने त्यांनी पुन्हा लिहिली. त्यांतल्या एका पानावरच्या दोन-तीन गोष्टी मात्र त्यांना अजून आठवलेल्या नाहीत.